दीड दिवसात रेवदंडा: जंजिरा सोडा, ओहोटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पाच जण, तुम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्रीच्या आत घरी. यादीत रेवदंडा, कोर्लई, चौल, जंजिरा, कुलाबा आणि मुलांसाठी बीच. आणि शेवटी हळूच विचारलंय, "रेवदंडा किल्ला तासाभरात होतो ना?"

होतो. गाडीतून तर पाच मिनिटांत होतो, कारण अलिबाग-मुरुड रस्ता तटातूनच आत शिरतो आणि तटातूनच बाहेर पडतो, निम्म्या लोकांना आपण किल्ल्यातून आलो हे साळावच्या पुलावर गेल्यावर गुगल मॅप बघून कळतं. मी चौलचाच, गेली बरीच वर्षं पाहुण्यांना हा पट्टा पायी फिरवतो, आणि माझ्या मते तुमची अडचण क्रमाची नाहीचे. पाच ठिकाणं कशी बसवायची असं तुम्ही विचारताय, पण रेवदंडा हे 'ठिकाण' नाहीये, ते तटाच्या आतलं अख्खं गाव आहे. तिकीट खिडकी नाही, एक गेट नाही, 'इथून सुरू इथे संपलं' असं काही नाही. आत लोक राहतात, वाड्या आहेत, शाळा आहे, बाजार आहे, आणि या सगळ्याच्या मधूनमधून पोर्तुगीजांचं शहर डोकं वर काढतं. त्याला एक संपूर्ण दुपार द्या आणि बाकीचं त्याच्याभोवती लावा, नाहीतर सरळ सोडून द्या आणि जंजिऱ्याला जा, दोन्ही नीट होणार नाही.

जंजिरा का नको ते आधी सांगतो म्हणजे वाद मिटेल. रेवदंड्याहून मुरुड अजून तीसेक किलोमीटर, रस्ता सुंदर पण वळणांचा, पुढे राजपुरीला होडीची लाईन, शनिवार-रविवारी ती किती लांब असेल ते देवाला ठाऊक, मग होडीत चढणं-उतरणं, आणि किल्ल्याच्या दारात लाटेवर हलणाऱ्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते मी कधीच सुचवत नाही. होडीवाले आत वेळही मोजून देतात. जाऊन येऊन अख्खा दिवस गेला. जंजिरा बघायलाच हवा, पण मुरुडला मुक्काम करून, वेगळ्या ट्रिपमध्ये.

आता रेवदंडा कशासाठी एवढा, तर थोडा इतिहास, मुलांना सांगता येईल इतकाच. चौल हे बंदर फार जुनं, ग्रीक-रोमन लोकांच्या लिखाणातही सिमुल्ला, सेमिल्ला अशा नावांनी येतं. १५ व्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला त्याच्याही आधी. त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे, रशियन मजकुरासकट. १५०८ मध्ये इथल्याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना मारलं, त्यात पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द अल्मेदा गेला, आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड काढला. मग १५२१ च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाहाकडून परवानगी घेऊन पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला आणि हळूहळू त्याचं तटबंदीतलं शहर झालं. चौल आत जमिनीवर निजामशाहीचं आणि रेवदंडा समुद्रावर पोर्तुगीजांचं, मध्ये चालत जाण्याइतकंच अंतर. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने कित्येक महिने वेढा घातला, शहर पडलं नाही. मराठ्यांकडे ते आलं ते चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतल्यानंतर, १७४० च्या तहात. म्हणजे दोनशे वर्षांच्या वर पोर्तुगीज इथे नांदले. आमच्याकडची म्हातारी माणसं किल्ल्याला आगरकोट म्हणतात, कुणाला वाट विचारलीत तर हे नाव कानावर पडेल.

फिरायचं कसं? गाडी अलिबागच्या बाजूला तटाच्या बाहेरच कुठेतरी कडेला नीट लावा, आत रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की तुमची गाडी मागे घ्यायची पाळी येते. मग पायी आत. दरवाज्याशी थांबून वर बघा, पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे, झिजलंय पण तिरप्या उन्हात दिसतं, भर दुपारी मात्र नुसता सपाट दगड वाटतो. म्हणूनच मी साडेतीननंतर सुरुवात करतो. तट काळ्या दगडाचा आणि चुन्याचा, वड-पिंपळाची मुळं सांध्यांत शिरलेली, आणि गंमत अशी की काही ठिकाणी त्याच मुळांनी तट फोडलाय आणि काही ठिकाणी त्याच मुळांनी धरून ठेवलाय.

तिथून सातखणी मनोऱ्याकडे. नारळी-पोफळीच्या वाडीत उभा आहे, सात मजल्यांपैकी आता चारेक उरलेत, पायथ्याशी तोफा पडल्यात. ही जागा घाईत बघू नका. वाडीत शिरलं की उन्हाचा चटका एकदम कमी होतो, पोफळीच्या सरळसोट खोडांमधून पाण्याचे पाट काढलेले असतात, सीझन असेल तर खाली बेडं (सुपारीची फळं) वाळत घातलेली दिसतात, आणि त्यातून मान वर केली की मधेच हा चौकोनी उभा मनोरा, वरच्या खिडक्यांतून आभाळ दिसणारा. माझ्याबरोबर आलेली मुलं तरी इथेच पहिल्यांदा गप्प होतात. आजूबाजूला चर्च आणि मठांचे अवशेष आहेत, एखादी मोठी कमान, एखादी नुसती भिंत, कुठे कुणाच्या परसात कुठे झुडपात. सगळे सापडवायचा हट्ट धरू नका, तीन-चार बघितले तरी शहर केवढं होतं याचा अंदाज येतो.

दोन-तीन गोष्टी इथे सांगून ठेवतो. वाड्या खाजगी आहेत. बेड्याला (म्हणजे फाटकाला) हात लावायच्या आधी "काका, मनोरा बघायचाय, जाऊ का इथून?" एवढं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट वाट दाखवायला पोर धाडतात. न विचारता शिरलात आणि मुलगा पोफळीच्या पाटात नाचला तर मात्र ऐकून घ्यावं लागेल आणि ते बरोबरच आहे. नारळाच्या खाली उभं राहून फोटो काढू नका, हे मी मस्करीत सांगत नाही. तटावर भुयारं आहेत असं कुणी उत्साहाने सांगेल, ती बंद आहेत, तोंडाशी वाकून हात घालायचा नाही, दगडाच्या सापटीत फुरसं (विषारी साप) असतं आणि ते दिसत नाही. चप्पल नको, बूट घाला. पावसाळ्यात तर तटावर शेवाळ, मी पाहुण्यांना वर चढूच देत नाही.

आता खरी मजा, समुद्राकडचा तट. इथली वाळू काळपट, आणि तट थेट तिच्यात उतरलेला. ओहोटीला तुम्ही बाहेरून, तटाच्या कडेकडेने वाळूवरून चालू शकता, आणि तेव्हाच कळतं की समुद्रातून येणाऱ्या गलबताला हे शहर कसं दिसत असेल. भरतीला तिथे पाणी, काहीच करता येत नाही, नुसतं वरून बघायचं. त्यामुळे तुमची तारीख कुठली यावर सगळा प्लॅन अवलंबून आहे आणि नेमकी तीच तुम्ही लिहिली नाहीत!

पण तुमचं तुम्हालाही काढता येईल. ॲपवर भरतीचं टेबल मिळतं, पण आमच्याकडे कोळी आणि वाडीवाले सगळे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. समजा शनिवारी पंचमी आहे, पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी. द्वादशी असेल तर नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं.

यात अजून एक बारकावा आहे जो बाहेरच्यांना माहीत नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं तसं खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणजे अष्टमीला गणिताप्रमाणे ओहोटी भर बारा वाजता येते खरी, पण वाळू फारशी मोकळी होत नाही, शिवाय डोक्यावर ऊन. याउलट पौर्णिमा किंवा अमावास्येचा वीकेंड मिळाला तर ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, मस्त लांबवर मोकळी वाळू, आणि सूर्य समोर पाण्यात. मला पाहुण्यांनी तारीख विचारली की मी डोळे मिटून तीच सांगतो. अंधार पडायच्या आत मात्र वर या.

कुलाब्याचं उत्तरही यातच आलं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने होतो, भरतीला होडीने. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी तो पाण्यात असतो, म्हणजे तुमच्या वेळेत बसत नाही. पंचमी-षष्ठीच्या आसपासचा रविवार असेल तर सकाळी दहा-साडेदहाला छान बसतो, घोडागाडीत सासूबाईही येऊ शकतात, आत गणपतीचं देऊळ आहे, त्यांना आवडेल. थोडक्यात रेवदंड्याचा समुद्री तट संध्याकाळी आणि कुलाबा दुपारी असं एकाच वीकेंडला मिळत नाही, समुद्र एकच आहे. काय मिळतंय ते घ्यायचं. मला निवडायला सांगितलंत तर मी उधाणाचा वीकेंड घेईन आणि कुलाबा किनाऱ्यावरून बघेन.

कोर्लई मात्र ठेवा. साळावचा पूल ओलांडून उजवीकडे, कोळीवाड्यातून जाणारा रस्ता बारीक आहे, कडेला मासळी वाळत असते, काच बंद करून नाक मुरडू नका प्लीज, त्यांचं ते घर आहे. मग समुद्राच्या कडेने गाडी दीपगृहापाशी जाते. तिथून किल्ल्यावर पायऱ्यांनी वीसेक मिनिटं, चढ उभा आहे पण लहान, मुलं तर पळतच जातील. सासूबाईंनी चढू नये, त्या खाली बसू शकतात, समोर समुद्र आहे, वारा आहे, फक्त पाणी आणि टोपी बरोबर द्या आणि घरातलं एक मोठं माणूस त्यांच्याजवळ थांबा, पाळीपाळीने वर जा. वर गेलात की खाडीचं तोंड आणि पलीकडे रेवदंड्याची नारळांची गर्दी एका नजरेत येते, आणि निजामशाहीने ही टेकडी का मजबूत करायला घेतली ते सांगावं लागत नाही: इथे तोफ ठेवली की खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज तिच्या माऱ्यात. पोर्तुगीजांनी ती १५९४ मध्ये घेतली ती याच धास्तीने. आदल्या दिवशी तुम्ही आतून बघितलेलं शहर इथून बाहेरून दिसतं, म्हणून रेवदंडा आधी आणि कोर्लई नंतर, उलटं करू नका. आणि मुलीला एक सांगा, खाली कोर्लई गावातली ख्रिश्चन वस्ती अजूनही घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली तरी.

चौलला फार वेळ नको पण रामेश्वर चुकवू नका. रस्त्याला लागूनच, पायऱ्या फार नाहीत, पुष्करणी, दीपमाळ, थंडगार फरशी, सासूबाईंना तासभर बसवलंत तर उठायचं नाव घेणार नाहीत. दत्ताचा डोंगर यावेळी नको, शेकडो पायऱ्या आहेत. दत्तजयंतीच्या दिवसांत येत असाल तर चौलची जत्रा असते, मग वरचं सगळं वेळापत्रक विसरा, रस्त्यावर गाडी हलत नाही, पण जत्रा बघा. वेळ असेल तर रेवदंड्यात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, तेही बाहेरून बघून घ्या, एवढ्याशा गावात किती तऱ्हेची माणसं येऊन राहिली ते दिसतं.

मग वेळा अशा बसतात. शनिवारी पुण्याहून पहाटे साडेपाच-सहाला निघा, खोपोली, पेण, वडखळ, कार्लेखिंड, अलिबाग. वडखळला सकाळी आठच्या आत पोचलात तर सुटलात, दहानंतर मुंबईची गर्दी येऊन मिळते. आक्षी-नागाव मागे टाकत साडेदहापर्यंत चौल. आधी रामेश्वर, मग रूमवर सामान, एकला जेवण, आणि दुपारी सगळ्यांनी झोपा, खरंच झोपा, कोकणात दोन वाजता फिरायला निघणारा फक्त पुणेकरच असतो (रागावू नका). साडेतीनला रेवदंडा, दरवाजा, मनोरा, चर्च, मग तिथीप्रमाणे तटाखालची वाळू किंवा तटावरून सूर्यास्त. सासूबाईंना दरवाजा ते मनोरा एवढंच चालवा, तिथून एकाने गाडी आणून त्यांना बीचच्या बाजूला सोडायचं. आणि ओहोटी सकाळची असेल तर समुद्री तट रविवारी सकाळी घ्या आणि कोर्लई शनिवारी संध्याकाळी, तेवढा एक अपवाद, मग आतलं शहर शनिवारी साडेतीन ते पाचमध्ये उरकावं लागतं, जरा घाई होते पण चालतं. एरवी रविवारी सातला कोर्लई, ऊन तापायच्या आत खाली, साडेनऊला नाश्ता.

मुक्काम चौल किंवा रेवदंड्यातच करा. नागावला रूम्स भरपूर, बीचवर बनाना राईड, पॅरासेलिंग, मुलांना तेच हवं असेल तर तासभर तिथे न्या, पण राहू नका, शनिवारी रात्री शेजारच्या कॉटेजमधला स्पीकर कुणाच्याच हातात नसतो. जेवण घरगुती खानावळीत आणि सकाळीच फोन करून ताटं सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर उरलेलं मिळतं. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक मागा, मासे खात असाल तर त्या दिवशी काय आलंय ते विचारा आणि तेच खा, सुरमईचा हट्ट धरू नका, ताजी मांदेली शिळ्या सुरमईपेक्षा कधीही बरी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात जे येईल ते बर्फातलं हे धरून चाला. डिसेंबर ते फेब्रुवारी आलात तर रूमवाल्याला पोपटी लावायला सांगा: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, वर जाळ. आधी सांगावं लागतं, पाला शोधून आणावा लागतो.

तारखेवरून अजून एक. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात आंबा आहे पण तट तापतो, तेव्हा साडेतीनऐवजी पाचला निघा. ३१ डिसेंबर आणि सलग सुट्ट्यांचे वीकेंड टाळा, इथे एकच रस्ता आहे आणि तो सगळ्यांचा आहे.

परतीला रविवारी जेवण बाराला उरका आणि दीडच्या आत अलिबाग सोडा. वाटेत आक्षीला पाच मिनिटं थांबलात तर तिथला शिलालेख बघता येईल, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक समजतात. फेब्रुवारीनंतर येत असाल तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील, अलिबागचा कांदा, भौगोलिक मानांकन मिळालेला. गाडी लावायला जागा असेल तिथेच थांबा, आणि माळ घेताना हाताने दाबून बघा, मानेशी ओली असेल तर पुण्यात पोचल्यावर आठवड्यात सडते, पूर्ण वाळलेलीच घ्या. चारनंतर निघालात तर वडखळपासून पेणपर्यंत तुम्ही आणि मुंबईकर एकमेकांचे बंपर बघत बसाल.